परतून आलेल्यांचे स्वागत

६ एप्रिल १९९१ रोजी फ्लॉरेन्समध्ये फिओरेंतिना आणि युव्हेंटस या दोन इटालियन क्लबांचा सामना झाला. यजमान एका गोलने पुढे असताना युव्हेंटसला पेनल्टी मिळाली. संघातर्फे पेनल्टी मारणारा नेहमीचा खेळाडू म्हणजे रॉबेर्तो बाजो. आदल्या वर्षीच्या मेपर्यंत हाच बाजो याच मैदानावर फिओरेंतिनाच्या जांभळ्या सदऱ्यात खेळत होता. त्याने पेनल्टी घेण्यास नकार दिला. त्याच्याऐवजी दे आगोस्तिनी पुढे झाला आणि गोलरक्षक मारेज्जिनीने त्याचा फटका अडवला. पुढे बाजोला बदलण्यात आले. मैदानाबाहेर जाताना प्रेक्षकांतून भिरकावलेला एक जांभळा स्कार्फ त्याच्यापाशी पडला, तो त्याने उचलून घेतला. सामना फिओरेंतिनाने १-० असा जिंकला.

मारेज्जिनीला माझी पेनल्टी मारण्याची पद्धत ठाऊक होती, असा खुलासा बाजोने नंतर केला. खुलासा तर्काला धरून आहे, आणि तरीही तो पुरा पटत नाही, असे आम्हांला वाटते. स्कार्फ उचलायला गोलरक्षकाची भीती आड येत नव्हती. युव्हेंटसच्या पाठीराख्यांनी त्या दिवशी जो राग धरला, तोही समजण्यासारखा होता. त्या काळचा जागतिक उच्चांक ठरलेली रक्कम मोजून आणलेला माणूस जुन्या घराच्या अंगणात पाय टाकताच विरघळला, असे त्यांनी पाहिले. एकाच माणसाला एकाच दुपारी दोन गावांनी आपापल्या परीने तोलले, आणि दोन्हीकडे वजन वेगळे भरले.

आमचा प्रश्न या तराजूविषयी आहे. आपल्या संघातून गेलेला खेळाडू प्रतिस्पर्धी होऊन आपल्याच मैदानावर उतरतो, तेव्हा गॅलरीने काय करावे? टाळ्या वाजवाव्यात, हुर्यो उडवावी, की गप्प बसावे? प्रश्न पोरकट वाटेल. पण ज्याने एखाद्या संघासाठी आयुष्याचे शेकडो रविवार खर्ची घातले आहेत, त्याला तो पोरकट वाटत नाही.

मराठीत विचार करू लागलो की भाषा दोन तयार साचे पुढे करते. एक फितुराचा. सूर्याजी पिसाळाविषयी इतिहासकारांनी काय शंका काढायच्या त्या काढल्या असतील; भाषेने मात्र त्या नावाचा कायमचा निकाल लावून टाकला आहे, आणि त्यावर अपील नाही. दुसरा साचा माहेरवाशिणीचा. लेक परक्या घरी गेली, आता तिचे कुळ निराळे, पण दारात आली की भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि चार दिवस कौतुक करायचे. फ्लॉरेन्सने त्या दुपारी बाजोत फितूर शोधला आणि त्यांना माहेरवाशीण सापडली, असे म्हणता येईल. आमच्या मते हे दोन्ही साचे खेळाडूवर अन्याय करतात. फितुराने कधीतरी निष्ठेची शपथ घेतलेली असते, आणि लेकीला कोणी ठरावीक मुदतीच्या करारावर घरात आणलेले नसते. खेळाडूचे नाते या दोन्हींहून रुक्ष आहे. ते कागदावरचे असते, आणि त्या कागदाचा इतिहास प्रेक्षक सहसा वाचत नाहीत.

तो इतिहास थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अशी रीत होती की करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबाच्याच हाती राही. क्लबाने त्याला सोडले नाही आणि त्याने नव्या करारावर सही केली नाही, तर पगार बंद आणि दुसरीकडे खेळणेही बंद. त्यात भर म्हणून पगाराला कमाल मर्यादा. १९६१ मध्ये ती उठली तेव्हा ती आठवड्याला २० पौंड होती. प्रेस्टनचा टॉम फिनी हा एका क्लबाशी आजन्म एकनिष्ठ राहिलेल्यांचा आदर्श म्हणून सांगितला जातो. १९५२ मध्ये त्याला इटलीतल्या पालेर्मोकडून बोलावणे आले होते, नुसत्या सहीचे १०,००० पौंड देऊ केले होते. प्रेस्टनने नाही म्हटले आणि विषय संपला. फिनीच्या थोरवीला यामुळे उणेपणा येत नाही. पण ज्याला दारच नाही त्याच्या घरात राहण्याला निष्ठा म्हणायचे की काय, हा प्रश्न उरतोच.

दार उघडले ते जॉर्ज ईस्टहॅमने. न्यूकॅसल सोडू देईना, तेव्हा त्याने खेळणे थांबवले, काही महिने फुटबॉलबाहेर नोकरी केली, शेवटी आर्सेनलमध्ये गेला आणि तरीही खटला चालवला. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ती धरून ठेवण्याची पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावरचे गैरवाजवी बंधन ठरवली. उरलेले काम बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉसमनने केले. १५ डिसेंबर १९९५ च्या युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर युरोपीय संघातला खेळाडू करार संपल्यावर तेथल्या दुसऱ्या देशातील क्लबात फुकट जाऊ लागला. या निकालावर पुढच्या पिढीने कोट्यवधी कमावले. खुद्द बॉसमनची कारकीर्द तोवर संपत आली होती.

हे सारे सांगायचे कारण एवढेच की परतून आलेल्याला 'विकला गेलेला' म्हणून हिणवणारा प्रेक्षक बहुधा विक्रेत्याचे नाव विसरलेला असतो. फ्लॉरेन्स विसरले नव्हते, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे. मे १९९० मध्ये बाजो युव्हेंटसला दिल्याचे कळताच तेथे लोक रस्त्यावर आले, पोलिसांशी चकमकी झडल्या, पन्नासच्या आसपास माणसे जखमी झाली. रोख होता तो क्लबाचे मालक पॉन्तेल्लो कुटुंबावर. इटलीचा राष्ट्रीय संघ विश्वचषकाच्या तयारीसाठी जवळच कोवेर्चानोत उतरला होता, तिथवर निदर्शने पोचली. युव्हेंटसच का, याचेही उत्तर त्या गावापाशी होते: १९८२ मध्ये अखेरच्या दिवशी एका गुणाने हुकलेले विजेतेपद, आणि त्याच मे १९९० मध्ये याच युव्हेंटसकडून गमावलेला यूएफा चषक. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच. बाजो १९८५ मध्ये व्हिचेंझाहून आला तो गुडघा मोडलेल्या अवस्थेत. त्याला खेळता येईना तेव्हा या गावाने वाट पाहिली होती. तेव्हा पेनल्टी न मारण्यात गोलरक्षकाच्या हिशेबाबरोबर जुना हिशेबही असावा, असे आम्ही मानतो.

बार्सिलोनात लुईस फिगोचे जे झाले त्यात मालक नव्हताच. तेथे क्लब सभासदांचा आहे. म्हणून की काय, राग सगळाच्या सगळा खेळाडूवर गेला. जुलै २००० मध्ये रेआल माद्रिदच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरेंतिनो पेरेझने फिगोला आणण्याचे वचन दिले आणि दोन वेळा युरोपीय चषक जिंकलेल्या अध्यक्षाला हरवले. स्पेनच्या १९८५ च्या कायद्यानुसार खेळाडूला भरपाई देऊन करार मोडता येतो. ती रक्कम, १,००० कोटी पेसेटा, माद्रिदने भरली. कायद्याने कोणी काही चुकवले नाही. पण फिगो पाच वर्षे तिथे होता, कप्तानाची पट्टी त्याने बांधली होती, आणि अगदी अखेरपर्यंत जाणार नाही असे सांगत होता. २१ ऑक्टोबर २००० रोजी तो प्रथम परतला तेव्हा मैदान शिट्ट्यांनी फाटत होते आणि खोट्या नोटा उडत होत्या. तो त्या दिवशी कॉर्नर घ्यायला कोपऱ्यात गेलाच नाही. २३ नोव्हेंबर २००२ रोजी गेला. बाटल्या आल्या, लायटर आले, आणि त्यांत डुकराचे एक मुंडके आले. पंचांनी दोन्ही संघ आत नेले. सुमारे पाव तासाने खेळ पुन्हा सुरू झाला. सामना ०-० असा सुटला.

आता याच मैदानातली दुसरी गोष्ट. लुईस एन्रिके हा १९९६ मध्ये करार संपल्यावर थेट माद्रिदहून बार्सिलोनाला आला. फिगोच्या त्या पहिल्या परतीच्या सामन्यात पहिला गोल त्यानेच केला आणि बार्सिलोना २-० अशी जिंकली. पुढे तो त्यांचा कप्तान झाला, प्रशिक्षकही झाला. म्हणजे तीच वाट उलट दिशेने चालणारा इकडे लाडका. आमच्याकडे आला तो शहाणा झाला, आमच्याकडून गेला तो नासला. हे तत्त्व राजकीय पक्षांच्या पत्रकांत आपल्या ओळखीचे आहे. खेळाने ते तेथूनच उचलले की तिकडे दिले, कोण जाणे.

तरीही प्रेक्षकाची बाजू आम्ही उडवून लावणार नाही. या व्यवहारात बदली न होणारा तोच एक पक्ष आहे. खेळाडू जातो, प्रशिक्षक जातो, मालक क्लब विकून मोकळा होतो. गॅलरीत बसणारा जात नाही. त्याला खोटे सांगितले गेले असेल तर त्याने रागवावे. सोल कॅम्पबेल २००१ मध्ये टॉटनहॅमहून करार संपवून आर्सेनलला, म्हणजे अगदी शेजारच्या वैऱ्याकडे, फुकट गेला. जुन्या क्लबाला एक पौंडही मिळाला नाही. १७ नोव्हेंबरला तो परतला तेव्हा 'जूडास'च्या आरोळ्या झाल्या, फुगे उडाले. नव्वद मिनिटे चालली असती तर ती तक्रार म्हणून शोभली असती. पण २००८ मध्ये, तो आर्सेनलही सोडून पोर्ट्समथकडून खेळत असताना, टॉटनहॅमच्या काही पाठीराख्यांनी त्याच्यावर जी गाणी म्हटली ती पोलिसांत आणि पुढे न्यायालयात गेली. सात वर्षांनी त्या गाण्यांत करार नव्हता, क्लब नव्हता. निव्वळ घाण होती. रागालाही मुदत असावी. करारांना असते, मग रागाने काय पाप केले?

आपल्याकडे कलकत्त्याच्या मैदानाने हे अधिक मोकळेपणाने पचवले, असे आमचे मत आहे. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्यात खेळाडू ये-जा करीतच असत. बदल्यांच्या दिवसांत पदाधिकारी त्यांना लपवून ठेवीत, याच्या कथा तिथे पुराणासारख्या सांगितल्या जातात. १३ जुलै १९९७ रोजी सव्वा लाखावर लोकांसमोर मोहन बागानवर तीन गोल करणारा भायचुंग भुतिया पाच वर्षांच्या आत मोहन बागानचाच झाला, मग परत ईस्ट बंगालचा, मग पुन्हा मोहन बागानचा. शिव्या पडल्या असतील. पण इतक्या येरझाऱ्यांनंतर फितूर कुणाकडून कुणाकडे, याचा हिशेब ठेवणार कोण?

मुंबईचे मात्र आम्ही कौतुक करू शकत नाही. क्षणभर फुटबॉल सोडून बोलतो. २०२४ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबई इंडियन्सकडे कप्तान म्हणून परतला आणि वानखेडेवर आपल्याच संघाच्या कप्तानाची हुर्यो उडाली. नाणेफेकीला समालोचकाला प्रेक्षकांना आवरावे लागले. निर्णय संघचालकांचा, मार खेळाडूला. जुलैत तो टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून त्याच मैदानात आला, तेव्हा त्याच्याच नावाचा गजर झाला. तीन महिन्यांत माणूस बदलला नव्हता.

तेव्हा करावे काय? आमचे म्हणणे साधे आहे. नावे पुकारली जातात तेव्हा उभे राहून एकदा टाळ्या वाजवाव्यात. त्या टाळ्या त्याच्यासाठी कमी आणि आपण पाहिलेल्या वर्षांसाठी अधिक असतात. चेंडू त्याच्या पायाशी आला की शिट्ट्या माराव्यात, कारण तो आता प्रतिस्पर्धी आहे, आणि त्याला गोंजारणे हा त्याच्या कसबाचाही अपमान आहे. वस्तू फेकू नयेत, त्याची आई, वर्ण आणि लेकरे काढू नयेत. त्याने गोल केला तर त्याने आनंद लपवावा अशी अलीकडे एक रूढी पडली आहे. ती मागून घेऊ नये. आतून आली तर गोष्ट वेगळी. नोव्हेंबर २००० मध्ये बातिस्तुताने रोमाकडून फिओरेंतिनावर विजयी गोल केला आणि तो रडला. नऊ वर्षे तो तिथे होता, संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला तेव्हाही सोडून गेला नव्हता.

न मागता आलेला असाच एक प्रसंग मँचेस्टरचा. डेनिस लॉ अकरा वर्षे युनायटेडकडे होता, २३७ गोल त्याच्या नावावर होते. १९७३ मध्ये क्लबाने त्याला मोकळे केले आणि तो सिटीकडे गेला. २७ एप्रिल १९७४ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर, युनायटेड खालच्या श्रेणीत जाण्याच्या काठावर असताना, ८१ व्या मिनिटाला गोलाकडे पाठ असलेल्या लॉने टाचेने चेंडू आत ढकलला. त्याने हात वर केले नाहीत. सहकारी त्याच्याभोवती जमले तेव्हा तो हरवल्यासारखा उभा होता. लगेच त्याला बाहेर घेतले गेले. लीगमधला त्याचा तो शेवटचा स्पर्श. प्रेक्षक मैदानात घुसले, सामना पुरा झाला नाही, १-० हा निकाल मात्र कायम झाला. लॉच्या गोलाने युनायटेड बुडाले ही दंतकथा तेव्हापासून चालू आहे. प्रत्यक्षात त्याच दिवशी बर्मिंगहॅमने आपला सामना जिंकला होता. लॉने तो चेंडू सोडून दिला असता तरी युनायटेडला खाली जावेच लागले असते.

२००८ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डच्या दारासमोर युनायटेडने तिघांचा पुतळा उभारला, बेस्ट, लॉ आणि चार्लटन. त्यात हात वर केलेला आहे तो लॉ.