पट्टीवरची एकच रेघ

आपल्या तुकडीतल्या बहुतेकांनी आत बसून अनुभवलेली पहिली मोटार फियाट असणार. पुढे तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, तरी आपल्या तोंडी ती फियाटच राहिली. तिचा इतिहास सनावळीने सांगता येतो, आणि थोडी सनावळ मीही सांगणार आहे. पण तो इतिहास मला नीट उमगला एका तुटलेल्या डिपस्टिकमुळे. इंजिनातलं ऑइल किती आहे ते बघण्याची ही पोलादी पट्टी. वीतदीड वीत लांबीची एवढीशी वस्तू, पण तिच्यापायी एक चांगली गाडी भंगारात जायची वेळ आली होती.

आधी सनावळ. वालचंद हिराचंद हे मूळ सोलापूरचे. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ गाड्यांची जोडणी होई. १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटशी हातमिळवणी झाली. फियाटने १९५३ साली ११०० चं नवं रूप बाजारात आणलं आणि थोड्याच काळात ते कुर्ल्यात बनू लागलं. मुंबईकरांनी तिच्या गोलमटोल रूपावरून तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणायला सुरुवात केली. १९६० च्या दशकात ‘डिलाइट’ आली आणि १९७० च्या दशकात त्याच गाडीची ‘पद्मिनी’ झाली. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ मध्ये थांबलं. आपल्याकडे मात्र शतक संपेपर्यंत ती बनत राहिली.

याचं कारण सरकारी धोरणात होतं. ज्या परदेशी कंपन्या इथे फक्त जोडणी करत, त्यांना १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात गाशा गुंडाळावा लागला. शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखानाही तेव्हाच बंद झाला. मग वर्षानुवर्षं गिऱ्हाइकापुढे फियाट, अँबॅसडर आणि स्टँडर्ड एवढीच काय ती निवड. नंबर लावायचा आणि वाट पाहायची. गाडी बदलायची कारखान्यालाही गरज नव्हती. १०८९ सीसीचं तेच पेट्रोल इंजिन पिढ्यान्‌पिढ्या चाललं. या साचलेपणाला आपण सगळ्यांनी नावं ठेवली, आणि ती रास्तच होती. पण त्यातून एक गोष्ट आपोआप घडली. तालुक्याच्या गावातल्या मिस्तरीलाही फियाटचं इंजिन पाठ झालं. पुस्तक हाताशी नसलं तरी शेजारच्या गल्लीत दुसरी फियाट उभी असे, आणि शंका आली की तिचं बॉनेट उघडून ताडून पाहता येई.

आता त्या पट्टीकडे येतो. आपल्या वर्गातल्या एका मित्राच्या वडिलांची पद्मिनी तुमच्यापैकी अनेकांना आठवेल. डॉक्टर होते ते. शाळेत कोणी पडलं, कोणाला ताप भरला, की तीच गाडी फाटकाशी येऊन उभी राहायची. डॉक्टर गेले आणि गाडी मित्राकडे पुण्याला आली. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास त्याचा फोन आला. गाडी महिन्याला लिटरभर ऑइल खाते, मागून निळा धूर येतो, खाली डाग पडतात. गॅरेजवाल्याने निकाल दिला होता, ‘बोअर-रिंग गेलीय. काम काढण्यात अर्थ नाही, भंगारात द्या.’ मित्राचा आवाज जड झाला होता. मी म्हटलं, घाई करू नकोस, येतो.

गाडी सपाट जागी उभी केली आणि इंजिन थंड होऊ दिलं. डिपस्टिक काढून पुसली, पुन्हा शेवटपर्यंत घातली, काढली. ऑइल रेघेच्या वर होतं. मित्र म्हणाला, ‘बघ, आत्ताच भरलंय. महिन्याभरात खालच्या रेघेला येतं, म्हणून मी वर दोन बोटं ठेवतो.’ मी पट्टी उजेडात धरली. खालची रेघ म्हणजे कोणती? पट्टीवर दोन रेघा असतात, खालची किमान आणि वरची कमाल. या पट्टीवर रेघ एकच होती, आणि तिच्याखाली जेमतेम नखभर पट्टी. टोकही कारखान्यातून आल्यासारखं गुळगुळीत नव्हतं. कड खडबडीत होती, ऑइलने काळी पडलेली. म्हणजे पट्टी मोडून बरेच दिवस झाले होते.

इथे मला आपली प्रयोगशाळा आठवली. तिथल्या लाकडी मोजपट्ट्यांची टोकं झिजलेली असत. सर सांगत, शून्यापासून मोजू नका, एकपासून मोजा आणि मग एक वजा करा. व्हर्नियर हातात देतानाही आधी शून्य त्रुटी बघायला लावत. वस्तू मोजण्याआधी माप तपासा, हा त्यांचा दंडक. ऑइल किती आहे हे गॅरेजमध्ये सगळ्यांनी पाहिलं होतं. पट्टी तपासायची मात्र राहून गेली होती.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. मोडलेली पट्टी स्वतःची मूळ लांबी सांगू शकत नाही. त्यासाठी तसल्याच इंजिनाची शाबूत पट्टी हवी. दुसऱ्या गाडीची चालत नाही, कारण नळीची उंची वेगळी असते. मुंबईला परतल्यावर दोन दिवस शोधून एक पद्मिनी टॅक्सी गाठली. चालक वयस्क होते. कारण सांगितल्यावर त्यांनी स्वतः बॉनेट उघडलं, पट्टी पुसून माझ्या हातात दिली आणि वर्तमानपत्राचा कागदही पुढे केला. त्यावर मी ती आखून घेतली, नळीच्या तोंडावर टेकते तिथपासून टोकापर्यंत, दोन्ही रेघांसकट.

पुण्यात मित्राची पट्टी त्या आखणीवर ठेवली आणि कोडं सुटलं. उरलेली रेघ कमाल पातळीची होती. मित्र तिलाच किमान समजत होता आणि तिच्यावर दोन बोटं ऑइल ठेवत होता. ऑइल इतकं चढलं की फिरणारा क्रँक त्यात आपटतो आणि फेस होतो. मग ते सिलांतून बाहेर झिरपतं, काही ब्रीदरवाटे जाऊन इंजिनातच जळतं. निळा धूर तोच, डागही तेच. जादा ऑइल असं निघून गेलं की पातळी रेघेवर येई. म्हणजे खरं तर योग्य जागी येई, आणि तेव्हाच मित्र पुन्हा लिटरभर ओते. डॅशबोर्डवरचा लाल दिवा यात काहीच सांगत नाही. तो दाब कमी झाला की लागतो, पातळी त्याला कळत नाही.

मोडलेला तुकडा आत असणार, म्हणून तो मिळेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही असं ठरवलं. पंपाच्या तोंडाला जाळी असते, पण तुकडा क्रँकमध्ये अडकला तर घात. ऑइल काढून मोजलं, तर पुस्तकात दिलेल्या मापापेक्षा लिटरभर जास्तच निघालं. चेंबर उतरवला. तळाच्या काळ्या गाळात बोटाएवढा तुकडा पडला होता, त्यावर खालची रेघ स्पष्ट होती. चेंबर धुऊन, नवं पॅकिंग लावून, मापाने ऑइल भरलं. जुन्या बाजारातून मिळालेली पट्टी आखणीशी जुळवून घेतली. धूर पहिल्या आठवड्यातच थांबला. बोअर-रिंगला हात लावावा लागला नाही.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी हळवे लेख लिहिले. माझ्या मनात आलं ते वेगळंच. आता ताडून पाहायला शेजारची गाडी उरली नाही. ज्या गाडीचं ज्ञान कधी लिहून ठेवावं लागलं नाही, कारण ते गल्लोगल्ली उभं होतं, तिची मापं आता एकेका घरातच उरली आहेत.

म्हणून ज्यांच्या दारात अजून वडिलांची किंवा काकांची जुनी गाडी आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे. डिपस्टिक शाबूत आहे तोवर काढा, कागदावर आखा, दोन्ही रेघा दाखवा आणि तो कागद गाडीच्या पुस्तकात ठेवा. डॉक्टरांच्या पद्मिनीच्या पुस्तकात तसा कागद आता आहे.