सरकणारे बिंदू आणि शेजारची कवटी

मागच्या वेळी आपण डार्सी थॉम्प्सनपाशी थांबलो होतो. १९१७ साली त्याने एका माशाचं चित्र चौकटींच्या जाळीवर ठेवलं, जाळी वाकवली आणि दुसऱ्या माशाचा आकार मिळवला. पण हे वाकवणं नजरेचं होतं. त्याला पक्कं गणित मिळायला सत्तरएक वर्षं लागली. १९८९ साली फ्रेड बुकस्टाइन यांनी पातळ पत्रा वाकवायला लागणाऱ्या ऊर्जेचं सूत्र इथे वापरलं.

आता अडचण पाहा. कवटीवर दोन शिवणी जिथे मिळतात, तो बिंदू प्रत्येक कवटीवर सापडतो. त्याला लँडमार्क म्हणतात. पण गुळगुळीत कपाळावर अशी खूण कुठून आणायची? १९९७ साली बुकस्टाइन यांनी वाट काढली: वक्ररेषेवर बिंदू ठेवा आणि त्यांना रेषेवरच सरकू द्या. हे सेमीलँडमार्क. २००५ मध्ये गुंझ, मिटेरोकर आणि बुकस्टाइन यांनी ही पद्धत त्रिमितीत, वक्र पृष्ठभागांसाठी मांडली.

सरकायचं कुठवर? तर नमुन्याच्या सरासरी आकाराच्या तुलनेत वाकण्याची ऊर्जा कमीत कमी होईल तिथवर. मग सरासरी पुन्हा काढायची, बिंदू पुन्हा सरकवायचे.

इथेच खरी मेख आहे. ही सरासरी कोणाची? समजा, पन्नास कवट्या आजच्या माणसांच्या आणि एक निअँडरथलची. सरासरी जवळजवळ आपलीच होणार. तीच निअँडरथल कवटी तिच्या पंचवीस भाईबंदांसोबत ठेवली, तर तिचे बिंदू थोडे वेगळीकडे स्थिरावतील. हाड तेच, आकडे मात्र बदलले! ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, तसंच हे. आणि ही कवटी आपल्यापासून किती वेगळी, हे सांगताना आपण पुढे करतो ते हेच आकडे.

म्हणून पद्धत टाकाऊ ठरते का? नाही. समान अंतरावर बिंदू ठेवणं हाही एक निर्णयच असतो, फक्त तो दिसत नाही. नमुने एकमेकांसारखे असतील तर फरक सहसा किरकोळ राहतो. आकार फार भिन्न असतील आणि एकाच गटाची गर्दी असेल, तर सावध राहावं. वेगवेगळे सरकवलेले दोन संच तसेच एकत्र करू नयेत. नवी कवटी आली, तर सगळे बिंदू पुन्हा सरकवावेत. एखादा गट वगळूनही निष्कर्ष टिकतो का, ते पाहावं.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो: आधी मोजा, मग तुलना करा. इथे तर मोजमापातच तुलना शिरलेली आहे. तेव्हा यापुढे आकडे हाती आले, की पहिला प्रश्न हाच विचारू या: कोणाच्या पंगतीत बसवून मोजलं?