लहरी बदलल्या, श्रोता तोच

उकवा हे बालाघाट जिल्ह्यातलं मँगनीजच्या खाणीचं गाव. 1956 पर्यंत त्याच्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि 1948 साली सुरू झालेलं नागपूर आकाशवाणी हे त्या राजधानीचंच केंद्र. पुढे राज्याची सीमा बदलली आणि नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, मध्यम लहरींना मात्र ती सीमा अडवू शकली नाही. व्हॉल्व्हचा अवजड संच जाऊन ट्रान्झिस्टर आला, मग एफएम, आता ॲप. पण नुसतं साधन बदलून रेडिओ टिकत नाही, तो टिकतो श्रोत्यांचं ऐकून घेऊन. 1956 मध्येच पुण्याकडच्या पाच जिल्ह्यांतल्या गावकऱ्यांनी शेतीचे कार्यक्रम एकत्र ऐकले, चर्चा केली, शंका तिथल्या आकाशवाणी केंद्राला कळवल्या. मोबाइलवर सगळं मिळतं, मग रेडिओ हवा कशाला, असं कुणी म्हणेल. गाणी मिळतात, खरं. पण उकव्याच्या धानाबद्दलची शंका कोण ऐकून घेणार? केंद्रांनी ॲपवर जरूर जावं, पण श्रोत्यांचे प्रश्न सोबत घेऊनच.