इम्पॅक्ट १०० : शंभर जणींचे एक दान

'थेंबे थेंबे तळे साचे' ही उक्ती अमेरिकेतील सिनसिनाटीच्या महिलांनी २००१ मध्ये प्रत्यक्षात आणली. वेंडी स्टील यांनी स्थापन केलेल्या या दाननिधीत प्रत्येक सभासद वर्षाला एक हजार डॉलर देते; शंभर जणी एकत्र आल्या की एक लाख डॉलर उभे राहतात. स्थानिक सेवाभावी संस्थांच्या अर्जांची छाननी सभासदांच्या समित्या करतात. अंतिम निवड मतदानाने होते आणि प्रत्येकीला एकच मत असते.

२००२ मध्ये १२३ सभासदांनी १ लाख २३ हजार डॉलरचे पहिले अनुदान एका दंतचिकित्सा केंद्राला दिले. किरकोळ देणग्या दैनंदिन खर्चात विरून जातात. एकवटलेल्या रकमेतून कायमस्वरूपी काम उभे राहते. मात्र, मतदानात मागे पडलेल्या संस्थेची गरज त्यामुळे कमी ठरत नाही.