धारोष्ण, तापविलेले आणि कोमट : काढून ठेवलेल्या मातृदुग्धाचा इतिहास

अंगावर पिणाऱ्या मुलाच्या बाबतीत दूध गार आहे की ऊन, हा प्रश्न उद्भवत नाही. दूध शरीराच्या उष्णतेनिशीच येते. मध्ये काळ जात नाही आणि भांडेही येत नाही. तेच दूध काढून ठेवले म्हणजे ते नासू शकते, ते निवते, आणि गोठविले असल्यास पुन्हा पातळ करावे लागते. या सर्वांवर उपाय एकच, तो म्हणजे उष्णता. तथापि नासण्यावरील उष्णता आणि निवण्यावरील उष्णता या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीचे कार्य शुद्धी, दुसरीचे कार्य ऊब. काढून ठेवलेल्या मातृदुग्धाचा इतिहास हा मुख्यतः या दोन कार्यांची फारकत होत गेल्याचा इतिहास आहे. ही फारकत प्रयोगशाळेत पूर्ण झाली असली, तरी भाषेत अद्यापि पूर्ण झालेली नाही.

प्राचीन वैद्यकात हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला होता. आईला दूध नसेल तर ते दुसरीकडून आणावयाचे नसे. दूध असलेली स्त्रीच घरात आणावयाची असे. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थानांत धात्रीच्या निवडीचे सविस्तर विवेचन येते. तिचे दूध पाण्यात सोडले असता ते पाण्याशी एकजीव व्हावे, अशी परीक्षा तेथे सांगितली आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या सोरेनसनेही दुधाचा थेंब नखावर घेऊन पारखण्यास सांगितले आहे. या दोन्ही परंपरांत स्तनातून वेगळे झालेले दूध परीक्षेपुरते थेंबभरच असे, आणि विचाराचा सारा भर धात्रीवर असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चरच्या संशोधनामुळे उष्णतेकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १८८६ साली फ्रांझ फोन सॉक्सलेट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लहान मुलांसाठी गाईचे दूध बाटल्यांतच तापवून निर्जंतुक करण्याची पद्धत सुचविली. जंतू मरतात, तेव्हा अधिक उष्णता म्हणजे अधिक सुरक्षितता, असे समीकरण त्यातून रूढ झाले. परंतु त्यापूर्वीच, १८८३ साली, टॉमस बार्लो याने तान्ह्या मुलांच्या एका वेदनामय व्याधीचे स्वरूप स्कर्व्हीचेच आहे हे दाखवून दिले होते. तापविलेल्या दुधावर व तयार अन्नावर वाढणाऱ्या मुलांत ही व्याधी आढळे. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते हे कारण पुढे स्पष्ट झाले. दुधातील मारक गोष्टींबरोबर तारक गोष्टीही उष्णतेने नाहीशा होतात, हा धडा येथे प्रथम मिळाला.

मातृदुग्ध मोठ्या प्रमाणावर काढून ठेवण्याची संस्थात्मक सुरुवात १९०९ साली व्हिएन्ना येथे झाली. १९१० साली बॉस्टनमध्ये फ्रिट्झ टॅलबट याने दायांची नोंदणी करणारी संस्था काढली. पुढे दाईला घरी पाठविण्याऐवजी दूधच बाटलीतून पाठविण्याची पद्धत तेथे पडली. १९१९ साली मारी-एलिझे कायझर या डॉक्टर स्त्रीने माग्डेबुर्ग येथे जर्मनीतील पहिली दुग्धपेढी स्थापन केली. धात्री आणि दूध यांचा वियोग अशा रीतीने पूर्ण झाला. दूध आता प्रवास करू लागले. १९३४ साली कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात डिऑन कुटुंबात पाच मुली एकाच वेळी, दिवस पूर्ण भरण्यापूर्वीच जन्मल्या, तेव्हा दूरच्या शहरांतून मातृदुग्ध तेथे पोहोचविण्यात आले. मुलींना टोपलीत घालून उघड्या भट्टीजवळ उबेला ठेवले होते. पाचही मुली वाचल्या. त्याच दशकात बॉस्टनमध्ये दूध गोठवून त्याच्या वड्या करण्याचे प्रयोग झाले.

दुसऱ्याच्या मुलासाठी दिलेल्या दुधाला शुद्धी आवश्यक आहे. म्हणून पेढ्यांत ते ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवून त्वरित थंड करतात. ही उकळी नव्हे. मारावयाचे ते मारून शक्य तितके राखण्याची ती तडजोड आहे. या तडजोडीतही स्निग्धांश पचविण्यास साहाय्य करणारे दुधातील विकर नष्ट होते आणि रोगप्रतिकारक द्रव्ये काही अंशी घटतात. १९८५ नंतर एच.आय.व्ही.च्या भीतीने अनेक देशांतील पेढ्या बंद पडल्या. तथापि त्याच दशकाच्या अखेरीस, १९८९ साली, मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली.

आईने आपल्याच मुलासाठी घरी काढून ठेवलेल्या दुधाची गोष्ट वेगळी आहे. तेथे शुद्धीचे कार्य स्वच्छता व थंडी यांनी साधते. उष्णतेकडे केवळ ऊब देण्याचे काम उरते. २५ अंशांपर्यंतच्या तापमानात असे दूध सुमारे ४ तास आणि शीतकपाटात ४ दिवसांपर्यंत टिकते. मुंबई-कोकणातील उन्हाळ्यात खोलीचे तापमान याहून पुष्कळच वर असते हे येथे लक्षात घ्यावयास हवे. गोठविलेले दूध शीतकपाटात सावकाश सुटू द्यावे, किंवा बंद बाटली कोमट पाण्यात ठेवावी. पूर्ण सुटल्यावर ते २४ तासांत वापरावे व पुन्हा गोठवू नये. कोमट केलेले दूध २ तासांत संपवावे. वर आलेला स्निग्धांश बाटली हलकेच फिरविल्याने मिसळतो. मायक्रोवेव्ह भट्टीत दूध सारखे तापत नाही, त्यामुळे मुलाचे तोंड भाजण्याचा धोका असतो. शिवाय अशा तापविण्याने दुधातील संरक्षक द्रव्ये घटतात, हे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

हे सारे मराठी घरात सांगावयाचे तर अडचण शब्दाची येते. उष्णतेचा स्पर्श न झालेल्या दुधाला मराठीत निरसे दूध म्हणतात, आणि काढताक्षणीच्या उबेचे दूध ते धारोष्ण. पण बाहेरून आलेले दूध घरात शिरताच तापविले जाते, आणि ‘दूध तापविणे’ याचा रूढ अर्थ ते वर येईपर्यंत उकळणे हाच आहे. गाई-म्हशींच्या दुधाबाबत हा शहाणपणा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचा आहे. म्हणूनच कामावर गेलेल्या आईने ‘दूध गरम करून द्या’ एवढाच निरोप ठेवला, तर आजी ते पातेल्यात ओतून चुलीवर ठेवील. यात आजीचे अज्ञान नाही. शब्दाने नेमके तेच सांगितले आहे.

योग्य क्रियेला मराठीत नाव नाही असे मात्र नव्हे. थंडीत थिजलेल्या खोबरेलाची बाटली कोणी विस्तवावर धरत नाही. ती ऊन पाण्यात ठेवून तेल पातळ करतात. मातृदुग्धाच्या बाबतीत करावयाचे ते हेच आहे. निरोप ‘दूध तापवा’ असा न ठेवता ‘बाटली ऊन पाण्यात ठेवून दूध कोमट करा’ असा ठेवला, तर आजीला नवे असे काहीच शिकावे लागणार नाही. मूल अंगावर पिते तेव्हा दुधाला असते तेवढीच, देहाच्या धारेची ऊब येथे परत द्यावयाची आहे.