तोफा, जंगल आणि कुंडल रोडची भट्टी

१/ १९१४ साली युरोपात महायुद्धाला तोंड फुटले आणि त्याची झळ कुंडलजवळच्या अवघ्या चार वर्षांच्या कारखान्याला लागली. प्रश्न साधा होता : दगडी कोळसा मिळेनासा झाला, तर लोखंड वितळवायचे कशावर?

२/ बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आश्रय दिला. १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळ, निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर ही तिची ओळख.

३/ नांगराचे भाग ओतण्यासाठी बीड हवे आणि ते वितळवण्यासाठी कोळसा. दोन्ही बाहेरून येत. युद्धकाळात दोन्ही दुर्मिळ झाले. भट्टी विझली असती, तर वसाहतीतील चुलीही विझल्या असत्या.

४/ बिडाचा प्रश्न सोडवण्यास कोल्हापूरचे शाहू महाराज धावून आले. त्यांनी संस्थानातील जुन्या, निकामी तोफा दिल्या. युद्धासाठी ओतलेले लोखंड युद्धामुळेच नांगराच्या कामी आले.

५/ इंधनाचे उत्तर दक्षिणेत सापडले. म्हैसूर संस्थानाने भद्रावतीच्या जंगलातील लाकडाचा कोळसा पाडण्याची सवलत किर्लोस्करांना दिली. तोच लोणारी कोळसा वाडीच्या भट्टीत जळू लागला.

६/ हा बदल सोपा नव्हता. वजनास वजन धरले तर लाकडी कोळशाची उष्णता कमी नसते. पण तो हलका असल्याने तेवढ्याच वजनाला कोकच्या सुमारे दुप्पट जागा लागते. म्हणजे वाहतूक वाढली. शिवाय तो ठिसूळ. भट्टीत वरच्या लोखंडाच्या भाराने त्याचा चुरा होतो आणि भात्याचा वारा कोंडतो. जुन्या पद्धतीत एक किलो कोळशासाठी चार-पाच किलो लाकूड जाळावे लागे, ते वेगळेच.

७/ पुढे १९२३ मध्ये भद्रावतीतच म्हैसूर संस्थानाचा लोखंड कारखाना लाकडी कोळशावर सुरू झाला. त्याची भूकही जंगलावरच भागवावी लागे. १९५२ मध्ये तेथे विजेच्या भट्ट्या आल्या.

८/ इंधन बदलले की केवळ ज्वाला बदलत नाही. रान, रेल्वेचा डबा, भट्टीची रचना आणि कामगाराचा हात हे सारे बदलावे लागते. सौरपंप आणि विजेवरच्या गाड्यांची चर्चा करताना कुंडल रोडचा हा धडा विसरू नये. पर्याय सापडणे ही सुरुवात असते. तो रोज पुरवठ्याला येणे ही खरी कसोटी.