दोनशे पंचाहत्तर पिसे

आपल्याकडे एखाद्या पुढाऱ्याला भेकड ठरवायचे असले की मोर्चा त्याच्या कचेरीवर बांगड्यांचा आहेर घेऊन जातो. इंग्लंडात हे काम पांढऱ्या पिसाने होत असे. ऑगस्ट १९१४ मध्ये चार्ल्स फिट्झजेराल्ड नावाच्या निवृत्त अ‍ॅडमिरलने फोकस्टन गावात तीस बायका जमवल्या आणि साध्या कपड्यांत हिंडणाऱ्या तरण्या पुरुषांना भर रस्त्यात पांढरे पीस देण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. जो सैन्यात भरती झाला नाही त्याला चारचौघांत लाज आणायची, एवढाच हेतू. हे खूळ देशभर पसरले आणि त्यानंतरची वीस वर्षे त्याची आठवण कोणाच्या मनातून गेली नाही. फेब्रुवारी १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनियन या विद्यार्थ्यांच्या वादसभेकडे एक निनावी खोका आला, त्यात मोजून २७५ पांढरी पिसे निघाली. थोड्याच दिवसांत दुसरा खोका आला. तेव्हा सभेचा अध्यक्ष फ्रँक हार्डी याने शांतपणे जाहीर केले, की ठरावाच्या बाजूने मत दिलेल्या प्रत्येक सभासदाला आता दोन-दोन पिसे मिळू शकतील.

ज्या ठरावावरून हे रामायण घडले तो गुरुवार, ९ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री मंजूर झाला होता. हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत आपल्या राजासाठी आणि देशासाठी लढणार नाही, असा त्याचा आशय. शब्दरचना डेव्हिड ग्रॅहम या विद्यार्थ्याची, ठराव मांडला केनेल्म डिग्बी याने आणि पाहुणा वक्ता म्हणून त्याच्या बाजूने बोलायला तत्त्वज्ञानाचे लेखक सी. ई. एम. जोड आले होते. विरोधी बाजूचा पाहुणा होता क्विंटिन हॉग, युनियनचाच माजी अध्यक्ष. बाजूने २७५, विरुद्ध १५३. हिटलर जर्मनीचा चॅन्सलर होऊन त्या दिवशी जेमतेम दहा दिवस झाले होते आणि पुढच्या सगळ्या गैरसमजाचे मूळ या तारखांच्या शेजारात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हा ठराव ब्रिटिश तरुणाईच्या नेभळटपणाचा पुरावा म्हणून वापरला गेला. या पोरांनी हिटलरला धीर दिला, असे म्हणणारे आजही भेटतात. माझे म्हणणे असे, की त्या रात्री सभागृहात जे घडले ते एका घोषवाक्यावरचे मत होते, आणि त्याला राष्ट्राच्या मताचा दर्जा मिळाला तो सभागृहाबाहेर, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत आणि पुढाऱ्यांच्या व्यासपीठांवर.

युनियन ही काय चीज होती हे आधी पाहायला हवे. १८२३ साली सुरू झालेली ही सभा म्हणजे संसदेची तालीम. ग्लॅडस्टन आणि अ‍ॅस्क्विथ हे दोघे पंतप्रधान तिचे अध्यक्ष होऊन गेले होते, हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झालेला कर्झनही. सगळा थाट पार्लमेंटचा, आणि पार्लमेंटप्रमाणेच मतदान पायांनी: चर्चा संपली की सभासद दाराच्या ज्या बाजूने बाहेर पडतील ती त्यांची बाजू, आणि दारात उभे असलेले मोजणीदार फक्त डोकी मोजणार. स्त्रियांना सभासदत्व नव्हते, ते मिळायला १९६३ साल उजाडले. मतदानाचे वय एकवीस असल्यामुळे त्या रात्री दारातून बाहेर पडलेल्या कित्येकांना देशाच्या निवडणुकीत मतही नव्हते. अशा सभेत ठराव निवडताना तो खरा आहे की खोटा यापेक्षा त्यावर चुरशीने भांडता येईल का, हे पाहिले जाते. वक्ता आपल्या मताविरुद्ध बोलायलाही तयार असतो, आणि श्रोता पुष्कळदा ज्याने चांगले भाषण केले त्याच्या दाराने बाहेर पडतो.

याचा अर्थ तो निव्वळ खेळ होता, असे मात्र म्हणता येणार नाही. १९३३ मध्ये वीस वर्षांचा असलेला मुलगा महायुद्धाच्या आगेमागे जन्मलेला. पहिल्या महायुद्धात ऑक्सफर्डचे सुमारे २,७०० लोक कामी आले, आणि त्यांची नावे कॉलेजांच्या भिंतींवर कोरलेली होती. जेवायला, प्रार्थनेला जाता-येता हा विद्यार्थी ती वाचत असे. १९२८ च्या अखेरीस शेरिफचे ‘जर्नीज एन्ड’ हे खंदकातले नाटक रंगभूमीवर आले. पुढच्याच वर्षी रेमार्क या जर्मन लेखकाच्या युद्धकादंबरीचा इंग्रजी अनुवाद आणि रॉबर्ट ग्रेव्हजचे आत्मकथन ही दोन्ही पुस्तके निघाली. या सगळ्यांतून त्या पिढीने एकच गोष्ट शिकली होती: ‘राजा आणि देश’ हे शब्द म्हणजे १९१४ च्या भरतीच्या भित्तिपत्रकावरची ओळ. ती ओळ वाचून जे गेले त्यांची नावे भिंतीवर होती आणि ती छापणारे अजून संसदेत बसत होते. ठरावात नेमके तेच शब्द घेतले होते. देशावर आक्रमण झाले तर, किंवा राष्ट्रसंघाच्या वतीने एखाद्या आक्रमकाला आवरायचे असेल तर लढाल काय, असा प्रश्न त्या रात्री मतदानाला नव्हताच. डिग्बीने तर आपल्या भाषणात शांततेचा कैवारी म्हणून सोव्हिएत रशियाकडे बोट दाखवले. गांधीवादी अहिंसेपेक्षा यात भांडवलशाही युद्धाबद्दलचा डावा तिरस्कारच अधिक होता. दारातून बाहेर पडलेल्या त्या २७५ जणांत अहिंसावादी, समाजवादी, राष्ट्रसंघाचे भक्त आणि केवळ वडीलधाऱ्यांची खोड काढायला आलेले, असे सगळे मिसळलेले होते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. ‘कोणत्याही परिस्थितीत’ हे शब्द ठरावात होते ना? मग त्यातून पळवाट कशी काढता? आणि जोड यांचे भाषण तर उघडउघड युद्धमात्राच्या विरोधात होते: पूर्वीच्या मर्यादित लढाया एक वेळ समर्थनीय असतील, पण आजच्या शस्त्रांनी होणारा संहार पाहता युद्धाचा विचारच करता येत नाही, असा त्यांचा सूर होता. आक्षेपात तथ्य आहे. ग्रॅहमने शब्द झोंबावेत म्हणूनच निवडले होते, आणि झोंबले तेव्हा कांगावा करण्याचा हक्क युनियनला राहत नाही. पण जोड यांचा मुद्दा काही ऑक्सफर्डच्या माळ्यावर जन्मलेला नव्हता. तीनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९३२ मध्ये, माजी पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन यांनी भर संसदेत सांगितले होते, की बॉम्बफेकी विमाने काहीही केले तरी शहरांपर्यंत पोहोचणारच. जीनिव्हात निःशस्त्रीकरण परिषद चालू होती आणि ब्रिटिश सरकार तिथे बसलेले होते. सरकारी बाकावरचा पोक्त माणूस जे घाबऱ्या आवाजात बोलत होता, तेच विशीतला पोरगा चढ्या आवाजात बोलला. पिसे मात्र बाल्डविनना कोणी पाठवली नाहीत.

केंब्रिजचे उदाहरण याहून बोलके आहे. १९२७ मध्ये केंब्रिज युनियनने मजूर पक्षाचे खासदार आर्थर पॉन्सनबी यांच्या उपस्थितीत जवळपास याच अर्थाचा शांततावादी ठराव २१३ विरुद्ध १३८ मतांनी मंजूर केला होता. सभा तशीच, वय तेच, बहुमतही चांगले पंचाहत्तर मतांचे. पण कोणी दखल घेतली नाही, पिसे धाडली नाहीत. मधल्या सहा वर्षांत विद्यार्थी फारसे बदलले नव्हते. बर्लिन बदलले होते, हे खरे. पण फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात लंडनच्या संपादकांना हिटलरची फारशी धास्ती नव्हती, त्यांच्या अग्रलेखांत बागुलबुवा होता तो कम्युनिस्टांचा. आणखी एक गोष्ट बदलली होती, ती म्हणजे खुद्द वर्तमानपत्रांचा धंदा. १९३३ हे फ्लीट स्ट्रीटच्या खपयुद्धाचे ऐन वर्ष. डेली हेरल्ड, डेली एक्स्प्रेस, डेली मेल यांची माणसे दारोदार फिरून वर्गणीदार पटवत होती आणि वर्गणीदाराच्या पदरात डिकन्सच्या कादंबऱ्यांचे संच, घरगुती वस्तू, काय वाटेल ते घालत होती. वीस लाखांचा आकडा आधी कोण गाठतो, ही शर्यत होती. अशा दिवसांत श्रीमंतांच्या पोरांनी राजाचा अपमान केला ही बातमी म्हणजे फुकटात हाती आलेले घबाड. तिच्यात जात होती, वर्ग होता, देशद्रोह होता, आणि आपल्या पोराला कॉलेज परवडत नाही अशा लाखो वाचकांना चिडायला हक्काचे कारण होते.

मजा अशी की पहिल्या दिवशी फारसा गवगवा झालाच नाही. दोन दिवसांनी डेली टेलिग्राफने ‘ऑक्सफर्डमधला राजद्रोह’ या थाटाचा मथळा दिला आणि ठरावाला लाल रंग फासला. मग एक्स्प्रेसने दोष वाटून टाकला: काही थट्टेखोर, काही कम्युनिस्ट आणि काही बायकी पोरे, अशी त्याची वर्गवारी. टाइम्सने पोरखेळ म्हणून नाक मुरडले. मँचेस्टर गार्डियन तेवढा समजूतदारपणे बोलला. आठवडाभरात विन्स्टन चर्चिल लंडनच्या क्वीन्स हॉलमधल्या समाजवादविरोधी सभेत या ठरावावर तुटून पडले आणि ताठ मानेच्या जर्मन तरुणांशी ऑक्सफर्डच्या पोरांची तुलना करून मोकळे झाले. त्याच भाषणात त्यांनी मुसोलिनीची तोंडभर स्तुती केली, ही गोष्ट नंतरच्या आठवणींतून बहुधा गळते. चर्चिल त्या काळी सत्तेबाहेर होते, हिंदुस्थानला स्वराज्याचे हप्ते देण्याविरुद्ध स्वपक्षाशी भांडत होते, आणि साम्राज्य आतून सडते आहे हे दाखवायला त्यांना उदाहरण हवेच होते.

मग सुरू झाला सुडाचा अंक. तरुणांचे एक टोळके सभागृहात घुसले आणि इतिवृत्ताच्या वहीतून त्या ठरावाची नोंद फाडून घेऊन गेले. चर्चिल यांचे चिरंजीव रँडॉल्फ, जे स्वतः ऑक्सफर्डला शिकायला येऊन पदवी न घेताच बाहेर पडले होते, २ मार्चला सभेत उभे राहिले आणि हा ठराव दप्तरातून रीतसर काढून टाकावा अशी सूचना त्यांनी मांडली. दुर्गंधीचे बॉम्ब फुटले, आरडाओरडा झाला आणि सूचना ७५० विरुद्ध १३८ मतांनी पडली. या आकड्यांकडे जरा थांबून बघावे. मूळ ठरावाच्या विरोधात १५३ मते होती. तीन आठवड्यांनी सभागृहात दुपटीहून जास्त माणसे आली, आणि तरीही नोंद पुसायला १३८ च हात लाभले. म्हणजे ठराव न पटलेल्या कितीतरी जणांनीसुद्धा बाहेरून आलेल्या दटावणीला नकार दिला असणार. वर्तमानपत्रांच्या लेखी मात्र हा ऑक्सफर्डने केलेला दुसरा राजद्रोह ठरला.

सगळ्यात जड आक्षेप उरतो तो हिटलरचा. चर्चिल यांनी १९४८ मध्ये आपल्या युद्धेतिहासाच्या पहिल्या खंडात लिहिले, की या ठरावाने जर्मनी, इटली, जपान या देशांत ब्रिटन खचल्याची समजूत रुजली. परदेशी वर्तमानपत्रांनी बातमी छापली होती, त्यामुळे कोणाच्याच कानावर गेली नाही असे म्हणता येत नाही. पण कानावर जाणे वेगळे आणि तिच्या भरवशावर सैन्य हलवणे वेगळे. इतिहासकार मार्टिन सीडल यांनी १९७९ मध्ये हे प्रकरण तपासले, तेव्हा हुकूमशहांच्या धोरणावर ठरावाचा परिणाम झाल्याचा विश्वासार्ह पुरावा त्यांना मिळाला नाही. आणि हिटलरला ब्रिटनची नाडी ओळखण्यासाठी वीस वर्षांच्या पोरांची गरज काय होती? जून १९३५ मध्ये ब्रिटिश सरकारनेच त्याच्याशी करार करून त्याला ब्रिटिश आरमाराच्या ३५ टक्के आरमार बांधायची मुभा दिली. मार्च १९३६ मध्ये तो ऱ्हाइनलँडमध्ये घुसला तेव्हा लंडन गप्प बसले. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला हिटलरशी तडजोड करायला पंतप्रधान चेंबरलेन स्वतः विमानाने गेले. ही सगळी कागदपत्रे सह्याशिक्क्यांची आहेत. वादसभेच्या वहीतले पान त्यांच्या पासंगालाही पुरत नाही.

म्युनिकनंतर महिनाभरात ऑक्सफर्ड शहरात पोटनिवडणूक झाली, ती या कथेचा खरा उत्तरार्ध आहे. म्युनिकच्या तडजोडीच्या बाजूने हुजूर पक्षाचा उमेदवार कोण होता? १९३३ मध्ये राजा आणि देश यांच्यासाठी बाह्या सरसावून बोललेला क्विंटिन हॉग. त्याच्याविरुद्ध बॅलिऑल कॉलेजचे प्रमुख ए. डी. लिंडसे उभे होते, आणि त्यांचा प्रचार करत विद्यार्थी दारोदार हिंडत होते. त्यांत एडवर्ड हीथ हा हुजूर पक्षाचाच तरुण होता, पुढे पंतप्रधान झालेला. हॉग ३,४३४ मतांनी निवडून आले. त्यांच्यावर अन्याय नको म्हणून हेही सांगायला हवे, की मे १९४० मध्ये त्यांनी संसदेत चेंबरलेन यांच्याविरुद्ध मत दिले आणि स्वतः सैन्यातही गेले. पण ‘राजा आणि देश’ म्हणणारा तो लढाऊ आणि न म्हणणारा तो शरणागत, ही मापपट्टी पाच वर्षांतच निकामी झाली होती, एवढे यातून दिसते.

जाता जाता आपल्या बाजूची एक गोष्ट. १९३४ मध्ये याच युनियनचा अध्यक्ष झाला मुंबईचा पारशी तरुण डी. एफ. कराका, या पदावर पोहोचलेला पहिला हिंदी. ठरावातला राजा त्याचा सम्राट होता. देश कोणता धरायचा हा प्रश्न मात्र ऑक्सफर्डमध्ये कोणी विचारला नाही. तो विचारला गेला १९३९ च्या सप्टेंबरात, जेव्हा व्हाइसरॉयने इथल्या कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले आणि त्या वर्षअखेरीपर्यंत मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडले.

त्याच सप्टेंबरात ऑक्सफर्डमध्ये युद्धखात्याचे भरती मंडळ बसले. पंचविशीच्या आतले सुमारे ३,००० विद्यार्थी पात्र होते, त्यांपैकी २,६३२ जणांनी आपणहून नावे दिली. हा आकडा युनियनच्या समर्थनार्थ नेहमी फेकला जातो, पण त्यालाही जपूनच हात लावावा: १९३३ चे विद्यार्थी तोवर पदव्या घेऊन पांगले होते, आणि रांगेत उभे होते ते त्या वेळी शाळेत असलेले. त्या २७५ जणांपैकी किती लढले हे कोणालाही सांगता येणार नाही, कारण त्या रात्री दारात उभ्या मोजणीदारांनी फक्त डोकी मोजली होती. नाव कोणाचेच लिहून घेतले नव्हते.